‘चुनखडी’च्या अँप्लिफायरची तक्रार

मी एक जुना अँप्लिफायर आहे, पण प्रेमाने पुसून कपाटात ठेवावा असा नाही. कोपऱ्यात ठेवला तर आल्यागेल्याच्या पायाला ठेच लागावी, असा जड आणि अवघड. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला आपली गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा गळा दाटून येतो. माझा गळा दाटलेला नाही. मला राग आलेला आहे, आणि तो पंचवीस वर्षांपूर्वीच यायला हवा होता.

माझा जन्म चंद्रपूरकडच्या गडचांदूरला झाला. बसस्टँडच्या मागे इतवारी नावाच्या माणसाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने माझा ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळला. माझी पेटी एका पडक्या घराच्या सागवानी दाराची केली. माझा स्पीकर एका तंबूच्या टॉकीजचा होता, ती टॉकीज बंद पडली तेव्हा त्याने तो उचलून आणला होता. इतवारी चांगला कारागीर होता, पण घाईचा होता. माझ्या अंगातून करंट यायचा. ओल्या हाताने कोणी शिवलं की झटका बसायचा. आणि पिना लावायला त्याने मला फक्त दोन भोकं ठेवली, एक गिटारीसाठी आणि एक माईकसाठी.

मला बनवून घेणारा अंकुश होता. त्याचे वडील कोरपन्याचे, चुनखडीची वाहतूक करणारे ठेकेदार. अंकुश नागपूरला इंजिनिअरिंग करायला गेला आणि अर्ध्यातून परत आला. येताना एक इलेक्ट्रिक गिटार आणि ट्रंकभर कॅसेटी घेऊन आला. त्या कॅसेटींत परदेशातली दाढीवाली माणसं आपापल्या गावाची, धुळीच्या रस्त्यांची, बंद पडलेल्या खाणींची गाणी म्हणायची. कुठलाही झगमगाट नसायचा. एक गिटार, एक ढोल आणि थोडा खरखरीत आवाज. अंकुशला वाटलं, धूळ आपल्याकडे आहे, खाणी आपल्याकडे आहेत, मग गाणी का नसावीत. इथपर्यंत त्याचं चुकलं नव्हतं, हे मी कबूल करतो.

गडचांदूरला त्याच्या वडिलांचं कापसाचं गोदाम होतं. तिथे हमाली करायला डोंगरावरून बुधू यायचा. जिवतीच्या वाटेवर, घाट चढून गेल्यावर त्याचा गुडा होता, दहा-बारा गोंड घरांचा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बुधू रिकाम्या लोखंडी पिंपावर हात चालवायचा. अंकुशने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला ढोल घेऊन यायला सांगितलं. झाला बँड. नाव ठेवलं ‘चुनखडी’. दोनच माणसं आणि तिसरा मी.

चौथा होता मुखरू. तो वाजवत नव्हता, तो ऐकत होता. कोरपन्याजवळच्या खेड्यातला, कापूस-सोयाबीनवाल्या घरातला, सिमेंट कारखान्याच्या पॅकिंग विभागात नुकताच लागलेला. ड्यूटी सुटली की तो गोदामात यायचा आणि गाठींवर बसून राहायचा. मला उचलायचा, गाडीत चढवायचा, उतरवायचा. झटकेही सगळ्यात जास्त त्यानेच खाल्ले. नुसत्या ऐकणाऱ्यावर एखादं गाणं किती चढू शकतं, ते मी मुखरूत पाहिलं. आता पुढे मी त्याच्याबद्दल वाईटच बोलणार आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

तालीम संध्याकाळी संपायची. अंकुशची जीप कोरपन्याकडे जायची, मुखरू तिच्यात बसायचा. बुधूचं घर उलट्या दिशेला, डोंगरावर. जिवतीची शेवटची एसटी तालीम संपायच्या आधी सुटून गेलेली असायची. बुधू ढोल पाठीला बांधून चालत घाट चढायचा. त्याला सोडून यावं, असं कोणाच्या मनात आलं नाही. मनात येऊन टाळलं असतं तर एक वेळ मी समजून घेतलं असतं. पण ते मनातच आलं नाही.

एके दिवशी बुधू नेहमीपेक्षा लवकर आला. अंकुश गिटारीच्या तारा जुळवत होता, मुखरू मला पुसत होता, मी चालू होतो. बुधू म्हणाला, “काल घाट चढता चढता एक गानं झालं. म्हनू का?”

त्याच्यासमोर माईक नव्हता. त्याने ढोलावर चालण्याचा ठेका धरला, थकलेल्या माणसाच्या पावलांचा, आणि म्हणायला लागला:

येष्टी गेली, मी राह्यलो,
डोंगर निंगाला संगं.

आधी थोडं गोंडीत म्हणाला, मग मराठीत. अंकुशने तारा तशाच सोडल्या आणि म्हणाला, पुन्हा म्हण. बुधूने तीनदा म्हटलं. चौथ्यांदा अंकुशने ते गिटारीवर धरलं आणि माईकचं बटण दाबून स्वतः म्हटलं. त्याचा आवाज चांगला होता, हे मी नाकारत नाही. तो आवाज माझ्यातूनच बाहेर पडला. बुधूचा कधीच पडला नाही. मला दोनच भोकं होती आणि दोन्ही अंकुशची होती.

त्यानंतरची दोन वर्षं आमची होती. कॉलेजांची गॅदरिंगं, शारदा मंडळं, मंडप-माईक भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रवाल्यांनी ठरवून दिलेले कार्यक्रम. राजुरा, चंद्रपूर, एकदा पार धानोऱ्यापर्यंत गेलो. धानोऱ्याला तेंदूपत्त्याच्या हंगामात कार्यक्रम होता. पानं तोडून थकून आलेली माणसं आधी लांब उभी होती. ‘येष्टी गेली’ सुरू झालं तशी ती जवळ आली आणि तिसऱ्या वेळी सोबत म्हणायला लागली. पाठीवर ढोल बांधून रोज घाट चढणाऱ्या माणसाचं गाणं ती माणसं म्हणत होती, आणि टाळ्या जीपमधून घरी जाणाऱ्याला मिळत होत्या. कार्यक्रम संपल्यावर लोक अंकुशच्या गळ्यात पडायचे. कोणी माझ्या लाकडावर थाप मारून म्हणायचं, काय आवाज आहे. मला ते आवडायचं. मीही त्या टाळ्यांत सामील होतो, म्हणून राग स्वतःवरही आहे.

मग कॅसेट निघाली. चंद्रपूरच्या एका खोलीत दोन दिवसांत भरली. कॅसेट छापून आली त्या दिवशी अंकुशने गोदामात पेढे वाटले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कॅसेट दिली. कव्हरवर मोठ्या अक्षरांत होतं: गीत, संगीत, गायन – अंकुश. खाली बारीक अक्षरांत: ढोल – बुद्धू.

बुधवारी जन्मला म्हणून बुधू. छापणाऱ्याने एक अक्षर जोडलं आणि त्याचा मूर्ख करून टाकला. अंकुश ते पाहून हसला. पुढच्या छपाईत दुरुस्त करू म्हणाला. मुखरूही हसला. बुधू अक्षर अक्षर लावून वाचत होता. त्याने वरची ओळ वाचली, खालची वाचली, कॅसेट खिशात घातली आणि त्या संध्याकाळी नेहमीसारखा ढोल वाजवला. महिनाभर आला. मग यायचा बंद झाला. हमालीही सोडली.

अंकुश म्हणाला, त्या लोकांचं असंच असतं, मनात येईल तेव्हा निघून जातात. मुखरूने मान डोलावली. पुढची छपाई झालीच नाही. ढोल नाही म्हटल्यावर गाणी पांगळी झाली. वर्षभरात बँड बुडाला आणि अंकुश चंद्रपूरला निघून गेला. गोदामातल्या कचऱ्यात मी पडलो होतो. मुखरूने मला सायकलवर बांधून घरी नेलं.

इथून माझी वीस-बावीस वर्षं वाया गेली. तुम्ही म्हणाल, त्याने जपलं तरी. जपलं म्हणजे काय केलं, ते ऐका. त्याची बायको नीलाबाई मला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं. तिने माझ्यावर तुरीचं पोतं ठेवलं. माझ्या स्पीकरच्या कागदात उंदरांनी संसार मांडला. दर रविवारी मुखरू टेपरेकॉर्डरवर ती एकच कॅसेट लावायचा आणि माझ्याकडे बघत बसायचा. डोळे पुसायचा. मग बाहेर जाऊन भांडायचा. वरातीत डीजे आला की भांडण, शेजाऱ्याच्या मोबाईलवर नवं गाणं वाजलं की भांडण. आताच्या गाण्यांत माणूसच नाही, नुसती मशीन आहे, असं तो कोणालाही सांगायचा. आमच्या काळी गाणं खरं होतं, म्हणायचा. मी तुरीच्या पोत्याखालून ऐकायचो. ज्या माणसाने ते खरं गाणं केलं तो तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर राहत होता, आणि मुखरू एकदाही त्याच्याकडे गेला नव्हता.

नीलाबाईने एकदा विचारलं होतं की तो ढोलवाला कुठे असतो आता. मुखरू म्हणाला, असेल डोंगरावर. विषय संपला.

मागच्या वर्षी अंकुशचा फोन आला. आता त्याचा चंद्रपूरला स्टुडिओ आहे. लग्नाची, निवडणुकीची गाणी करतो. त्याने ‘येष्टी गेली’ मोबाईलवर टाकलं होतं आणि ते फार चाललं होतं. कोरपन्याला ‘चुनखडी’च्या पंचविशीचा कार्यक्रम करू म्हणाला. तो मूळ अँप्लिफायर तुझ्याकडे आहे ना, तोच पाहिजे, लोकांना जुनं आवडतं.

मुखरूला आनंद मावेना. पोतं उतरलं. इतवारी कधीच वारला होता, म्हणून त्याने मला मोटरसायकलवर बांधून गडचांदूरच्या दुसऱ्या एका मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीने उंदरांचं घर काढलं, नवा कागद लावला, अर्थिंगही नीट केलं. मी बोलायला लागलो. मुखरूला वाटलं, इथवर आलो आहे तर घाट चढून बुधूलाही बोलावून यावं, बँड पूर्ण होईल. मला तसंच पाठीमागे बांधून तो वर गेला.

बुधू अंगणात कापसाच्या पऱ्हाट्यांचे भारे रचत होता. केस पांढरे झाले होते. त्याने मुखरूला ओळखलं, मग मला ओळखलं. ये, बस, असं काही म्हणाला नाही. त्याची बायको बायनाबाई पाणी घेऊन बाहेर आली. मुखरूने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कार्यक्रम, पंचवीस वर्षं, लोकांचं प्रेम. बुधूने भारा बांधून पूर्ण केला आणि मग बोलला.

“ते गानं माहं हाये.”

“बँडचं हाये, बुधूभाऊ. सगळ्याइचं.”

“सगळ्याइचं कसं? घाट मी चढलो. तुमी जीपनं गेले.”

मुखरू म्हणाला की अंकुशने चाल बसवली, त्याच्यामुळेच ते चारचौघांत पोचलं, नाहीतर डोंगरावरच राहिलं असतं. बुधूने ऐकून घेतलं. बायनाबाई मधेच म्हणाली की जिवतीच्या बाजारात कोणाच्या मोबाईलवर ते गाणं लागलं की हे हातातलं सामान टाकून उठून जातात, आतापर्यंत दोनदा तिखट-मीठ न घेताच घरी आले आहेत. बुधूने तिला गप्प केलं नाही.

“तू रोज तिथी बसला राहायचा,” तो मुखरूला म्हणाला. “मी पयल्यांदा म्हनलं तवा तू याले पुसून राह्यला होता. तुले सारं मालूम हाये. अन् बुद्धू छापलं तवा तू हासला.”

जळतो तू अंकुशवर, असं म्हणून मुखरूने गाडीला किक मारली. घाट उतरताना तो रस्ताभर मोठ्याने बुधूला शिव्या देत होता. पण खालच्या वळणावर त्याने गाडी थांबवली आणि वळून वर घाटाकडे पाहिलं.

कार्यक्रमाला गर्दी चांगली होती. अंकुशने ढोलासाठी चंद्रपूरहून एक वाजवणारा आणला होता. मला मध्यभागी ठेवून हार घातला होता. मुखरू माझ्या बटणांपाशी बसला, कारण माझी बटणं त्यालाच ठाऊक होती. चार गाणी झाली. मग अंकुशने माईक हातात घेतला आणि सांगायला लागला की एकदा गडचांदूरच्या स्टँडवर आपली शेवटची एसटी चुकली, खिशात काही नव्हतं, आपण रात्रभर चालत राहिलो, आणि त्या वाटेवर आपल्याला हे गाणं सुचलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंकुशने पहिली ओळ म्हटली. मी ती बाहेर टाकली. दुसऱ्या ओळीआधी मुखरूने माझं बटण बंद केलं.

अंकुशला वाटलं, मी बिघडलो. त्याने वाकून पाहिलं. मुखरू उभा राहिला. माईक बंद होता, त्यामुळे तो उघड्या गळ्याने ओरडला, “हे गानं याचं नाई. हे बुधूचं हाये. मी तिथी होतो.”

मागून कोणीतरी विचारलं, “कोन बुधू?”

मुखरू म्हणाला, “बुधू. ढोल वाजवे तो. डोंगरावरचा.”

“डोंगरावर बुधू पन्नास हायेत. पुरं नाव सांग ना.”

मुखरूने पुन्हा ‘बुधू’च म्हटलं. आडनाव त्याला माहीत नव्हतं. वडिलांचं नाव माहीत नव्हतं. वीस-बावीस वर्षं दर रविवारी ज्याचं गाणं ऐकून रडला, त्याचं नाव त्याला माहीत नव्हतं. कोणीतरी हसलं आणि मग सगळे हसले. अंकुशही हसला आणि म्हणाला, याला पॅकिंगच्या धुळीत काम करून चक्कर आली असेल, घरी सोडा. चार पोरांनी मुखरूला धरून खाली उतरवलं. मला ढकललं तसा मी स्टेजवरून पडलो. सागवानाचा कोपरा फुटला. नंतर अंकुशने दुसऱ्या मशीनवर तेच गाणं म्हटलं आणि लोकांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखरूने मला पुन्हा गाडीवर बांधलं. नीलाबाईने विचारलं, कुठी घेऊन राह्यले याले. तो म्हणाला, ज्याचं आहे त्याच्याकडे.

बुधूने मला पाहून मान हलवली. “मले काय करायचं याचं? घरात जागा नाई.”

मुखरू खाली बसला. काल काय झालं ते त्याने सांगितलं, हसले तेही सांगितलं. मग खिशातून कॅसेटचं जुनं कव्हर आणि पेन काढलं. वरची ओळ खोडली. विचारलं, “तुहं पुरं नाव काय हाये, भाऊ?”

बुधूने खोडलेल्या ओळीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा त्याला हाकलून देणार, आणि दिलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. बायनाबाई दारात उभी होती. नाव तिलाही सांगता आलं असतं, पण ते तिने त्याच्यावर सोडलं.

“बुधू जंगू पेंदोर,” तो म्हणाला. “जंगू माह्या बापाचं नाव. लिव.”

मुखरूने लिहिलं. बुधूने कव्हर हातात घेऊन अक्षर अक्षर लावून वाचलं आणि परत दिलं. मुखरूने हळूच विचारलं की एकदा म्हणशील का, मूळ जसं होतं तसं.

“नाई,” बुधू म्हणाला. “तुह्यासाठी नाई.”

मुखरू उठला आणि गेला. मला मात्र तिथेच सोडून गेला. बायनाबाईने मला गोठ्याच्या पडवीत सरकवलं.

त्यानंतर तो एकदाच आला, कव्हरची फोटोकॉपी द्यायला. मोबाईलवर अंकुशच्या त्या गाण्याखाली तो रोज बुधूचं पूर्ण नाव लिहितो आणि अंकुश रोज ते पुसून टाकतो, असं सांगत होता. लोक त्याला शिव्या घालतात. रविवारी कॅसेट लावणं त्याने बंद केलं आहे. लावली की गोदाम दिसतं आणि गोदामाच्या दारातून ढोल बांधून निघालेला माणूस दिसतो, म्हणाला. बुधूने त्याला चहा दिला. तो दिला हेच खूप झालं.

मित्रांनो, तुम्हालाही जुनी गाणी आवडत असतील. त्यांच्यासाठी तुम्ही नव्यांशी भांडत असाल, जुन्या वस्तू पुसून ठेवत असाल. आमच्यावरची धूळ पुसू नका, ती आमचं काही बिघडवत नाही. पुसायचंच असेल तर त्या वेळी शेजारी कोण बसलं होतं, ते जरा आठवा. त्याचं नाव काय, तो घरी कसा जायचा, हे तुम्ही कधी विचारलं होतं का, तेवढं आठवा. विचारलं नसेल तर तुमचं ते प्रेम मला दाखवायला आणू नका. मी असं प्रेम वीस-बावीस वर्षं अंगावर घेतलं आहे.

मी आता पडवीत असतो. वायर काढलेली आहे, त्यामुळे मी कोणाचा आवाज मोठा करू शकत नाही, फक्त ऐकू शकतो. संध्याकाळी बुधू बैल बांधायला येतो तेव्हा कधीकधी ते गाणं म्हणतो, स्वतःपुरतं, ढोल न घेता. त्यात एक कडवं आहे जे त्याने गोदामात कधीच म्हटलं नव्हतं. कॅसेटवर ते नाही, अंकुशला ते माहीत नाही, मुखरूनेही ते ऐकलेलं नाही. बायनाबाईला येतं आणि मला येतं.

तुम्हाला मी ते सांगणार नाही.